रेतीचा ठाव
(प्रस्तावना)

१

पनवेल तालुक्यात बांधकामाला लागणारी रेती आणि पनवेल तालुक्याच्या जमिनीखाली असलेली रेती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली डंपरने येते, ब्रासने मोजली जाते, आणि तिचा भाव वाढला की घर बांधणाऱ्याची झोप उडते. दुसरी कुठे आहे, किती खोल आहे, तिच्यात गोडे पाणी आहे की खारे, याचा बहुतेकांना पत्ता नसतो. हे पुस्तक या दुसऱ्या रेतीविषयी आहे. जमीन न उकरता तिच्या पोटातल्या रेतीचे आणि गोट्यांचे थर कसे शोधावेत, त्यांची जाडी कशी अजमावावी, आणि काढलेल्या नकाशावर कितपत विश्वास ठेवावा, हा त्याचा विषय.

रेती शोधायची ती उपसण्यासाठीच, असा आपल्याकडे समज पक्का आहे. प्रत्यक्षात एकाच थराकडे चार जण चार अपेक्षांनी पाहतात. ठेकेदाराला तो माल वाटतो. बोअर घेणाऱ्याला तो पाण्याचा साठा वाटतो, कारण गोट्यांच्या आणि रेतीच्या फटींत जेवढे पाणी मावते तेवढे काळ्या कातळात मावत नाही. पाया घालणाऱ्या अभियंत्याला तोच थर कधी आधार वाटतो, तर कधी डोकेदुखी: खड्डा त्या थराला लागला आणि पाणी भरू लागले की पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. आणि नदीला तो हवा असतो, कारण पावसाळ्यात मुरलेले पाणी उन्हाळ्यात परत द्यायचे तर ते ठेवायला जागा लागते. म्हणून रेतीचा नकाशा म्हणजे उपशाचा परवाना नव्हे. कुठे काढावे, कुठे पाणी राखावे, कुठे पाया खोल न्यावा आणि कुठे हातही लावू नये, हे ठरवण्याचा तो आधार आहे.

या पुस्तकातल्या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती आरंभीच सांगून टाकतो. कोणत्याही यंत्राला रेती दिसत नाही. यंत्राला कळते ते एवढेच: जमिनीतून वीज किती सहज वाहते, धक्क्याची लहर किती वेगाने जाते, रडारचा किरण कुठून परततो. त्यावरून ‘इथे रेती आहे’ हा निष्कर्ष माणूस काढतो. तो बरोबर येण्यासाठी यंत्राइतकीच त्या जमिनीची ओळख लागते, आणि पनवेलसारख्या जागी तर यंत्रापेक्षा जास्त लागते.

२

पनवेलची जमीन समजून घ्यायची तर पूर्वेकडून निघावे. माथेरानच्या डोंगररांगेचे पाणी घेऊन गाढी नदी उतरते. देहरंगचे धरण तिच्यावरच आहे. गाढी आणि काळुंद्री यांचे पाणी पनवेलच्या खाडीत येते, उत्तरेला तळोज्याच्या बाजूने कासाडी येते, आणि दक्षिणेला उलवे नदी. या सगळ्या नद्या आखूड आणि उताराच्या. वर्षाचा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो, तेव्हा त्यांच्यात गोटे ढकलत नेण्याचे बळ असते. दिवाळीनंतर त्यांना स्वतःचे पाणी पुरत नाही. साहजिकच त्यांनी वाहून आणलेला माल निवडून ठेवल्यासारखा पसरतो. डोंगरपायथ्याला मोठे गोटे, मधल्या टप्प्यात खडे आणि भरड रेती, आणि भरतीचे पाणी जिथे सामोरे येते तिथे बारीक काळा गाळ.

या सगळ्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सह्याद्रीत त्याचे थर जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. पनवेलच्या आसपास मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने झुकतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातल्या भित्तिखडकांवर लिहिताना या वाकाला गावाचे नाव दिले, आणि तेव्हापासून ‘पनवेल फ्लेक्शर’ हे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांच्या तोंडी आहे. आपल्या विषयाशी त्याचा संबंध असा, की जिथे थर वाकतात तिथे ते तडकतात, आणि तडकलेल्या जागी खालून वर घुसलेले उभे भित्तिखडक, म्हणजे डाइक, सापडतात. वीज सोडून काढलेल्या चित्रात असा डाइक उभ्या भिंतीसारखा उमटतो. ज्याला हे ठाऊक नाही तो त्याला गोट्यांनी भरलेली जुनी घळ समजून बसतो.

दुसरी गोष्ट समुद्राची. हिमयुग ऐन भरात असताना, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज जिथे मुंबईचे बंदर आहे तिथे तेव्हा जमीन होती आणि कोकणातल्या नद्यांना पुष्कळ पुढे, पुष्कळ खाली जाऊन समुद्राला मिळावे लागत होते. उतार वाढला की नदी पात्र कोरते. पुढे बर्फ वितळले, समुद्र वर आला, आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ पोचला. कोरलेल्या दऱ्या बुडाल्या आणि त्यांच्यात गाळ साचत गेला. आजची खाजणे, खारफुटी आणि नवी मुंबईच्या अभियंत्यांना छळणारी मऊ सागरी चिकणमाती ही त्या भरावाची वरची बाजू. तिच्याखाली नदीच्या जुन्या पात्रातले गोटे आणि रेती सापडण्याची शक्यता असते, पण सर्वत्र नव्हे. कुठे चिखल संपला की थेट मुरूम लागतो, मग कातळ. जुनी पात्रे अरुंद असतात आणि वळणावळणाची असतात. शंभर मीटरवर घेतलेली दोन बोअर त्यांना दोन्हीकडून चुकवू शकतात. न खणता शोधण्याच्या पद्धतींची गरज इथेच लागते.

तिसरी गोष्ट माणसाची. गेल्या काही दशकांत पनवेलच्या जमिनीचा चेहराच बदलला. सिडकोच्या वसाहतींनी खाजणे भरली. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, तिच्या दगडाने सखल जमीन उंच केली गेली, आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जिथे पृष्ठभागावरून नदीचे जुने वळण ओळखता आले असते तिथे आता भराव आहे. त्यामुळे पनवेलमध्ये काम करणाऱ्याने यंत्र उचलण्याआधी जुने टोपोशीट आणि गावनकाशे उघडावेत, आणि खाजणात बांध घालून भात पिकवलेल्या आगरी शेतकऱ्यांशी बोलावे. पाणी कुठून शिरत असे आणि विहीर कुठे गोडी लागत असे, हे त्यांना आठवते, आणि ती आठवण कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नसते.

३

योगायोग असा, की जमिनीच्या आत न उतरता तिचा वेध घेणारी देशातली एक जुनी परंपरा आज पनवेलमध्येच नांदते आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ ची, आणि तिथल्या भूचुंबकीय नोंदी १८४१ पासूनच्या. या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात एक पेच उभा राहिला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, आणि ट्रामच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते. म्हणून नवी जागा शोधली गेली ती अलिबागला. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि दोन्ही मालिका एकमेकींशी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत कुलाब्याच्या नोंदीही चालू ठेवल्या गेल्या. विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. या परंपरेतूनच १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला कळंबोली महामार्गालगत आहे, तर अलिबागच्या वेधशाळेत नोंदी अजून चालू आहेत.

मूस यांच्या निर्णयातला धडा या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाला लागू आहे: ज्या जागी नोंद घ्यायची तिथली शांतता हा उपकरणाचाच एक भाग असतो. पनवेलमध्ये ती शांतता दुर्मीळ आहे. रेल्वेमार्ग, उच्चदाब वाहिन्या, जमिनीखालच्या लोखंडी नळ्या, कुंपणांच्या तारा आणि महामार्गावरची अखंड धडधड, हे सगळे मापनात उतरते. नळीला समांतर टाकलेली ओळ नळीचेच चित्र काढते. म्हणून ओळ कुठे टाकावी हा निर्णय यंत्र सुरू करण्यापेक्षा अवघड आहे.

भूचुंबकत्व संस्थेचे काम चुंबकत्वापुरते राहिलेले नाही. कोकणच्या किनारपट्टीवर खारे पाणी जमिनीत किती आत शिरले आहे हे शोधण्यासाठी तिच्या संशोधकांनी विजेच्या पद्धतीने मापने केली आहेत. मालवण परिसरातल्या अशा मापनांचा अर्थ लावण्यासाठी त्यांनी न्यूरल नेटवर्कची मदत घेतली आणि तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रेती हा त्या कामाचा मुख्य हेतू नव्हता. पण किनाऱ्यावर रेती शोधणाऱ्याला आधी खाऱ्या पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो, आणि त्या दृष्टीने ते काम आपल्याला फार जवळचे आहे.

४

विजेची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. जमिनीत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोहोंमधला विद्युतदाबाचा फरक मोजायचा. त्यावरून जमिनीची रोधकता निघते, तिचे एकक ओहम-मीटर. सळ्या जवळ असतील तर प्रवाह उथळ राहतो. त्या दूर नेल्या की तो खोल उतरतो. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी वाळूने भरलेल्या टबात हे प्रयोग करून पाहिले आणि १९१२ मध्ये नॉर्मंडीतल्या शेतजमिनीवर त्यांचा पहिला नकाशा काढला. १९१५ मध्ये अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी समान अंतरावरच्या चार सळ्यांची मांडणी मांडली. ही दोन्ही नावे आजही प्रत्येक क्षेत्रवहीत असतात.

पूर्वी चार माणसे सळ्या उचलत पुढे सरकत आणि दिवसभरात मोजके बिंदू मिळत. १९९० च्या दशकापासून एकाच केबलला अनेक सळ्या जोडून कोणत्या चार वापरायच्या हे यंत्राने ठरवायची सोय झाली. पाच मीटर अंतराने ४८ सळ्या लावल्या की ओळ २३५ मीटरची होते आणि मधोमध सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंतचा उभा छेद मिळतो. दोन्ही टोकांना खोली कमी होत जाते, त्यामुळे चित्र उलट्या समलंबासारखे दिसते. कोपऱ्यांत काही दिसत असेल तर ते बहुधा सॉफ्टवेअरने भरलेले असते. निळा-हिरवा-तांबडा हे रंगही आपण निवडलेले असतात. एका अहवालात तांबडा म्हणजे शंभर ओहम-मीटर, दुसऱ्यात हजार. दोन अहवाल शेजारी ठेवून रंगांची तुलना करू नये, आकड्यांची करावी.

आता पनवेलमधला खरा सापळा पाहू. रेतीचे कण स्वतः वीज वाहत नाहीत. वाहते ते फटींतले पाणी. अमेरिकेतल्या गस आर्ची यांनी १९४२ मध्ये याचा नियम मांडला. मोकळ्या रेतीत साधारण तिसरा हिस्सा फटींचा असेल, तर पाण्याने भरलेल्या रेतीची रोधकता त्या पाण्याच्या सुमारे पाच पट येते. नदीकाठच्या गोड्या पाण्याची रोधकता वीस ओहम-मीटर धरली तर ती रेती शंभरच्या घरात जाईल. समुद्राच्या पाण्याची रोधकता ०.२ ओहम-मीटर; त्या पाण्याने भरलेली तीच रेती एक ओहम-मीटरवर येईल. आणि खाडीची चिकणमाती? तीही खाऱ्या पाण्याने गच्च भरलेली, तिचीही रोधकता एक-दोन ओहम-मीटरच्या आसपास. म्हणजे खाजणाखालची उत्तम भरड रेती आणि तिच्यावरचा चिखल विजेच्या चित्रात एकाच रंगाचे दिसतात. उलट बाजूला, गाढीच्या वरच्या भागात, गोड्या पाण्याने भरलेले गोटे आणि थोडा झिजलेला काळा पाषाण हेही एकमेकांत मिसळतात, कारण दोघेही शंभरच्या आगेमागे असतात.

याचा अर्थ पद्धत निरुपयोगी आहे असा नाही. तिने दिलेले उत्तर खरेच असते; फक्त ते पाण्याविषयीचे उत्तर असते आणि आपण ते कणांविषयीचे समजतो. खारे-गोडे पाणी कुठे मिळते हे ती फार चांगले सांगते. भरती-ओहोटीचा विचार करून मापन केले तर आणखी चांगले. उधाणाच्या दिवसांत खाडीकाठची जमीन तासातासाला बदलते. भांगाच्या दिवसांत ती त्या मानाने स्थिर असते. पावसाळ्यानंतर वरच्या थरात गोडे पाणी असते, मे महिन्यात नसते. तारीख आणि भरतीची वेळ न लिहिलेला किनारपट्टीचा विद्युत-छेद अर्धा आंधळा असतो.

५

पाण्याला न विचारता कणांच्या सांगाड्याला विचारणारी पद्धत लागते, आणि ती लहरींची आहे. बाजारात कलिंगड घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो. इथे जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घण मारायचा आणि ओळीत लावलेल्या जिओफोनवर लहर केव्हा पोचली ते नोंदवायचे. यात एक बारकावा आहे. दाबाची लहर पाण्यातून सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जाते, त्यामुळे पाण्याने भरलेला चिखल आणि पाण्याने भरलेली रेती तिला जवळजवळ सारखीच वाटते. आडवी लहर, म्हणजे जमिनीला बाजूला हलवणारी लहर, पाण्यातून जाऊच शकत नाही. तिला कणांना कण टेकलेले लागतात. म्हणून मऊ सागरी चिखलात तिचा वेग शंभराच्या आसपास राहतो, घट्ट रेतीत दोनशे-तीनशे, गोट्यांत त्याहून अधिक, आणि चांगल्या कातळात हजारापलीकडे जातो. पाणी खारे की गोडे याने तिला फरक पडत नाही.

पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लहरींच्या मापनातून या आडव्या लहरींचा वेग काढण्याची एक रीत अमेरिकेतल्या कॅन्सस भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडली. तिला एम.ए.एस.डब्ल्यू. म्हणतात आणि आज भारतात पायाच्या तपासणीत ती सर्रास वापरली जाते. तिचा एक गुण पनवेलच्या फार कामाचा आहे: महामार्गाची धडधड, जी इतर पद्धतींना त्रास देते, तिचा या पद्धतीत लहरींचा उगम म्हणून उपयोग करून घेता येतो. विजेचा छेद आणि आडव्या लहरींचा छेद एकाच ओळीवर घेतले की कोडे सुटू लागते. रोधकता कमी आणि वेगही कमी, तर चिखल. रोधकता कमी पण वेग जास्त, तर खाऱ्या पाण्याची रेती किंवा गोटे. रोधकता मध्यम आणि वेग एकदम वाढलेला, तर बहुधा कातळ.

इतर पद्धतींविषयी इथे थोडक्यातच सांगतो, कारण पुढे त्यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. जमिनीत शिरणारे रडार, म्हणजे जीपीआर, कोरड्या नदीकाठच्या गोट्यांत दहा मीटरपर्यंत सुरेख चित्र देते, आणि खाऱ्या चिखलात एखाद-दुसऱ्या मीटरवर विझते. ते गाढीच्या वरच्या भागात वापरावे, खाजणात नव्हे. प्रेरित ध्रुवीकरणाची पद्धत चिकणमाती ओळखायला मदत करते, पण खारेपणा वाढला की तिचाही आवाज बसतो. खाडीच्या पाण्यावर होडीतून ध्वनिलहरी सोडून तळाखालचे थर पाहता येतात. आणि या सगळ्यांच्या शेवटी बोअर आहेच. भूभौतिकीने बोअरची गरज संपत नाही. बोअर कुठे घ्यावे हे ठरते, आणि वीस बोअरऐवजी चार नेमक्या जागी घेऊन काम भागते.

६

इथवर ‘कुठे’ हा प्रश्न झाला. ‘किती’ हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यात पैसा आहे. विजेच्या मापनात एक जुनी अडचण आहे. दोन कमी रोधाच्या थरांमध्ये जास्त रोधाचा पातळ थर सापडला, तर मापनातून त्याची जाडी आणि रोधकता वेगवेगळी निघत नाहीत. दोन्हींचा गुणाकार तेवढा निघतो. शंभर ओहम-मीटरचा चार मीटर थर आणि दोनशे ओहम-मीटरचा दोन मीटर थर पृष्ठभागावरून जवळजवळ सारखे दिसतात. दोन्ही उत्तरे मोजलेल्या आकड्यांशी जुळतात, दोन्ही चित्रे तितकीच देखणी निघतात.

एक हेक्टर जागेवर हा फरक काय होतो ते मोजू. चार मीटर जाडी धरली तर चाळीस हजार घनमीटर, दोन मीटर धरली तर वीस हजार. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. एका हिशेबाने सुमारे चौदा हजार ब्रास, दुसऱ्याने सात हजार. लिलावाची बोली, शासनाचा महसूल, उपशाची मर्यादा आणि नदीचे नुकसान, सगळेच दुप्पट किंवा निम्मे. आणि हा फरक एका बोअरने मिटतो. म्हणून एकही बोअर न दाखवता ब्रासचा नेमका आकडा देणारा अहवाल समोर आला, तर तो परत पाठवायला वाचकाने कचरू नये.

७

पनवेलबाहेरची उदाहरणे पाहिली की या पद्धतींचा आवाका कळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने प्रयागराज आणि कौशांबी यांच्या दरम्यान हेलिकॉप्टरखाली लोंबकळणाऱ्या विद्युतचुंबकीय उपकरणाने जमिनीखालचे एक जुने नदीपात्र शोधले: सुमारे ४५ किलोमीटर लांब, चार-पाच किलोमीटर रुंद, पंधरा मीटरच्या आसपास जाडीचे. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातही नागपूर जिल्ह्यातल्या चंद्रभागा नदीच्या खोऱ्यावर, भूजलाच्या नकाशांकनाच्या प्रायोगिक टप्प्यात, अशी हवाई मोहीम झाली. पनवेलवर ती नेता येणार नाही. खाली वाहिन्यांचे जाळे, वर विमाने. इथे पायीच फिरावे लागेल.

आपल्याकडचे सगळ्यात जवळचे भावंड मात्र विदर्भात आहे. तापी-पूर्णेचे गाळाचे खोरे हा दख्खनी पाषाणाच्या महाराष्ट्रातला मोठा अपवाद आहे. कित्येक ठिकाणी तिथे गाळाची जाडी शंभर मीटरच्या पुढे जाते. आणि त्यातच अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असूनही तिथे रेती शोधणाऱ्याला तोच प्रश्न पडतो: कमी रोधकता चिकणमातीमुळे आहे की खाऱ्या पाण्यामुळे? पनवेलच्या खाजणात जी सावधगिरी शिकावी लागते ती पूर्णेच्या काठी तशीच उपयोगी पडते.

८

हे सगळे आजच का, असे कोणी विचारील. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे पन्नास अब्ज टन रेती आणि खडी वापरली जाते. कोकणात एकेकाळी हातपाटीने, डुबी मारून, टोपलीने रेती वर काढली जात असे. माणसाच्या दमाला मर्यादा होती, त्यामुळे उपशालाही होती. सक्शन पंपाने ती मर्यादा काढून टाकली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवाल आला, आणि २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्र मोजून किती रेती नव्याने भरली हे पाहण्यास सांगितले. वाळूगटांच्या बाबतीत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांचा अभिप्राय घेतला जातो. या साऱ्या कागदांना एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे पात्राखाली खरोखर किती जाडीचा थर आहे याचा आकडा. तो नजरेने आणि फावड्याने ठरवण्याचे दिवस संपायला हवेत.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्या त्यात गेल्या. त्यानंतर नदीपात्रातल्या वाळूउपशाची चर्चा पुष्कळ झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून उरणारा प्रश्न साधा आहे. पुराच्या वेळी खांबाभोवतीचा गाळ खरवडला जातो, पूर ओसरताना त्या खड्ड्यात सैल रेती पुन्हा भरते, आणि वरून पात्र जसेच्या तसे दिसते. हा भरलेला खड्डा डोळ्याला दिसत नाही. रडारने किंवा लहरींनी तो दिसू शकतो. रायगड जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या पुलाखाली अशी तपासणी करणे हे रेती शोधण्याइतकेच, कदाचित त्याहून अधिक, मोलाचे काम आहे.

दुसरीकडे क्रशरमधून निघणारी कृत्रिम वाळू वाढते आहे, आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने तिच्यासाठी धोरणही आणले. ती वाढावी, पण त्यामुळे डोंगर फुटतात, आणि पारसिकच्या रांगेतल्या खदानी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको. नैसर्गिक रेती कुठे आहे आणि त्यातली किती परवडण्याजोगी आहे हे कळले, तरच या दोन मार्गांत शहाणपणाने निवड करता येईल.

९

हे पुस्तक भूभौतिकीच्या पदवीधरांसाठी नाही. तालुका पातळीवरचे अभियंते, भूगोल-भूविज्ञानाचे विद्यार्थी, बोअर आणि पाया यांच्या व्यवसायातले लोक, आणि ग्रामसभेत एखाद्या अहवालावर हात वर करायची वेळ येणारे नागरिक यांच्यासाठी ते आहे. गणित जिथे टाळता आले तिथे टाळले आहे. जिथे टाळल्याने फसगत झाली असती तिथे ठेवले आहे. पहिली प्रकरणे जमिनीची, मधली पद्धतींची, शेवटची अहवाल वाचण्याची. घाई असेल त्याने शेवटून सुरुवात केली तरी चालेल.

नारळ हातात घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याची आपण चेष्टा करतो. पण चेष्टा करणारेच अनेकदा रंगीत छेदापुढे त्याच भाविकतेने मान डोलावतात. फरक एवढाच असायला हवा, की पाणाड्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत आणि यंत्राच्या अहवालाला ते विचारता येतात. निदान तीन प्रश्न तरी प्रत्येकाने विचारावेत. या चित्रात नेमके काय मोजले आहे, पाणी की कण? मापन कोणत्या तारखेला आणि भरतीच्या कोणत्या वेळी झाले? आणि हा थर रेतीचा आहे हे कोणत्या बोअरने दाखवले? चांगल्या अहवालात ही उत्तरे पहिल्या दोन पानांतच असतात. नसतील, तर पहिला खर्च आणखी एका रंगीत ओळीवर न करता एका बोअरवर करावा. पुढचा सगळा हिशेब त्यावरून सुधारता येतो.